मला कोणी उचलावे याबद्दल

मी, आउने पिर्तिकोस्की, कै. तौनो पिर्तिकोस्की यांची पत्नी, वय एकाहत्तर, शिक्षण शालान्त, काम घरचे, राहणार हापायार्वी, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. स्वादुपिंडाचा आजार मला नाताळ दाखवणार नाही असे डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले, कारण मी त्यांना स्पष्टच विचारले. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दाब नाही. सल्ला मात्र सगळ्यांनी दिला. माझा आत्मा देवाच्या हाती आहे, त्याची व्यवस्था तो करील. बाकीची मी करते.

कलम १. राहते घर, वाफेच्या अंघोळीची सौना, सरपणाची खोप, बटाट्याचे वावर आणि बँकेतली शिल्लक हे सर्व माझी एकुलती मुलगी सैला हिला द्यावे. कायद्याने तिला निम्मे मिळालेच असते. उरलेले निम्मे मी राजीखुशीने देते. याला कोणतीही अट नाही. हे वाक्य मी दोनदा लिहिणार होते, वकिलीणबाई म्हणाल्या एकदा पुरे.

माझी मैत्रीण काइसू, जी बस चालवते, ती म्हणाली, "अगं, अट घाल ना. शेवटी पट्टा धरायला आली तर घर, नाहीतर नाही. कशी येत नाही बघू."

मी म्हटले, "घराच्या बदल्यात खांदा? मी काय तिला मोलाने बोलावू?"

पट्ट्याचे पुढे येईल.

कलम २. ओस्सी किविसारा याच्या येत्या फेब्रुवारीतल्या ओउलू येथील कार्यक्रमाचे माझे तिकीट आहे. ते विकू नये. तिकीट नसताना नुसता भिंतीबाहेरून आवाज ऐकायला कोणी ना कोणी उभा असतोच, त्याला द्यावे.

प्रार्थनाघराचा एकही रविवार न चुकवणाऱ्या बाईकडे रॉक गाणाऱ्याचे तिकीट कसे, असे वाचणाऱ्याच्या मनात येईल. आमच्या श्रद्धेच्या घरांत असले संगीत चालत नाही, त्याचे नावही जेवणाच्या टेबलावर निघत नाही. सैला सतरा वर्षांची असताना स्ट्रॉबेरी तोडायला जाते असे सांगून ओस्सीच्या मैदानी कार्यक्रमाला गेली. मला कळले तशी डोक्याला रुमाल बांधून मी ओउलूची बस पकडली, तिला ओढून घरी आणायला. फाटकाबाहेर भली मोठी रांग होती आणि रांगेच्या अगदी तोंडाशी तिची पिवळी वेणी दिसत होती. मी सरळ पुढे निघाले.

एका दाढीवाल्याने हात आडवा घातला. "ओ मावशी, कुठं?"

"माझी मुलगी आहे पुढे."

"इथं सगळ्यांचंच कोणी ना कोणी पुढे आहे. शेपटाला जा."

तो उर्पो, नळांची कामे करतो. त्याने अडवले म्हणून नाही, पण मी आयुष्यात रांग मोडलेली नाही, पावाच्या दुकानात नाही आणि प्रभुभोजनातही नाही. मी शेपटाला गेले. माझ्या हातावर शाईने क्रमांक घातला गेला. जिला न्यायला आले ती डोळ्यांसमोर, आणि मी दिवसभर उन्हात माझ्या पाळीची वाट बघत उभी.

पुढे उभ्या असलेल्या बाईने राईच्या पावाचा तुकडा दिला. "पहिल्यांदाच का हो?"

"मी मुलीला परत न्यायला आले आहे."

"बरं. तिकीट मात्र त्याआधी घ्यावं लागेल," असे म्हणून ती हसत सुटली. ती काइसू.

तिकिटाची किंमत ऐकून मला कठडा धरावा लागला. पण पैसे दिल्यावर मी ताटातले टाकत नाही.

आत तो आवाज कानात नव्हे, छातीच्या हाडात वाजत होता. मी मागे उभी राहून प्रार्थना म्हणत होते आणि मला माझेच शब्द ऐकू येत नव्हते. दोनतीन गाणी झाली असतील. पुढे रेटारेटी वाढली. ओस्सीने एकदम गिटारवर पंजा ठेवला आणि सगळे गप्प झाले.

"मागे व्हा," तो म्हणाला, कोणी घरातल्यांशी बोलावे तसा. "सगळे. डावीकडच्या त्या मुलीला श्वास घेता येत नाहीये. ती बाहेर येईपर्यंत मी वाजवणार नाही."

आणि ते सगळे मैदान मागे झाले. एक मुलगी हातांवरून उचलली गेली. वेणी पिवळी होती.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. पण माझ्या शेजारच्याने पुढच्याला सांगितले, त्याने त्याच्या पुढच्याला. "आई आहे, वाट द्या. आई आहे." मोशेपुढे समुद्र दुभंगला ते मी लहानपणापासून वाचत आले. त्या दिवशी त्यातून चालले.

सैला कठड्याशी पांढरीफटक बसली होती. मला बघून म्हणाली, "आई! तू? आता मी खरंच मेले."

"ऊठ. घरी चल."

ती पाणी प्यायली. मग हळूच म्हणाली, "राहिलेलं ऐकून जाऊ या ना. पैसे भरलेस ना तू?"

मुलगी माझीच होती. आम्ही राहिलो. त्या वर्षीच नाही, पुढच्या कितीतरी उन्हाळ्यांत दोघी गेलो, काइसू आणि उर्पोच्या शेजारी उभ्या राहिलो. गाण्यातले मला कळते असा माझा दावा नाही. पण मी जन्मभर प्रवचने ऐकली आहेत, बाकावर बायकांना घेरी आलेली पाहिली आहे, आणि त्यासाठी प्रवचन थांबलेले कधी पाहिलेले नाही.

कलम ३. प्रार्थनाघरातले मोठे कॉफीपात्र माझे आहे. ते तिथेच राहू द्यावे, पण बुडाशी माझे नाव लावावे. हे प्रवचनकार एर्की यांच्यासाठी मुद्दाम लिहिते. ते आणखी एकाला घेऊन मला समजवायला आले होते.

"आउने, त्या मैदानात तुला सापडलं तरी काय?"

"माझी मुलगी सापडली," मी म्हणाले.

कॉफी दोघांनी दोनदा घेतली. पण तेव्हापासून मला कोणी 'देवाची शांती' म्हणत नाही. आमच्यात ते श्रद्धावंताने श्रद्धावंतालाच म्हणायचे असते. बाहेरच्यांना नुसता नमस्कार. मी तरीही प्रत्येकाला 'देवाची शांती' म्हणते. त्यांनी ती घेतली नाही तर देव परत घेऊन जाईल, त्याला सांडलवंड चालत नाही.

पुढे सैलाचे एर्की यांच्या मुलाशी, अंतेरोशी, लग्न झाले. अंतेरो कष्टाळू आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. सैलाने सर्वांसमोर क्षमा मागितली, तिला क्षमा मिळाली, आणि तिने ओस्सीच्या तबकड्या माझ्या सौनाच्या चुलीत घातल्या. दोन आठवडे प्लास्टिकचा वास गेला नाही. मी तिला अडवले नाही. तिच्या जिवाची ती मालकीण. पण आता तीही मला दारात 'नमस्कार, आई' म्हणते. तेवढे मला अजून सोसवत नाही.

कलम ४. माझा हातमाग काइसूला. त्यावर मी रांगेतल्या सगळ्यांच्या विरलेल्या काळ्या शर्टांच्या पट्ट्या काढून जो गालिचा विणला तो उर्पोला. तो त्याने पायाखाली घालावा, भिंतीवर टांगून त्याची पूजा करू नये. फ्रीझरमधली लिंगोनबेरीची आंबट फळे अंत्यविधीच्या कॉफीबरोबर आधी संपवावी, मगच केक विकत आणावा.

कलम ५. माझी शवपेटी साधी पाइनची असावी. काइसू, उर्पो आणि उर्पो सांगेल ते रांगेतले तिघे, अशा पाच जणांनी पांढरे पट्टे खांद्यावरून घेऊन मला उचलावे आणि कबरीत उतरवावे. पट्टे सहा असतात. सहावा सैलाचा.

हे मी तिला गेल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरात सांगितले. ती बटाटे सोलत होती.

"ते लोक तुला उचलणार असतील तर मी येणार नाही, आई."

"का गं? त्यांच्या हातांना काय झालंय?"

"अंतेरोचे भाऊ आहेत. ते उचलतील."

"ते मला नमस्कार म्हणतात, सैला."

तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुला कळत नाही. मी त्यांच्यात एकदा उभी राहिले ना, तर मला परत निघता येणार नाही."

ती बटाटे अर्धे सोडून गेली. मी ते सोलले.

त्या दिवसापासून मी दोनदा हे कलम खोडले. एकदा अंतेरोच्या भावांची नावे घातली, म्हणजे ती येईल. सगळ्या बाजूंनी विचार केला. पण ज्यांनी तिला आपल्या डोक्यांवरून काढून माझ्या हाती दिले त्यांना मी कबरीपाशी मागच्या रांगेत उभे करू शकत नाही. आणि तिच्या जागी कोणी दुसराही लावू शकत नाही. कठड्यापाशी एक रीत आहे. कोणाला पाणी प्यायला, नाहीतर रडायला बाहेर जावे लागले तर दोन्हीकडचे शेजारी तिच्या जागेवर कठड्यावर एकेक हात ठेवतात. मागून कितीही रेटा आला तरी ती जागा भरू देत नाहीत. ती आलीच नाही तर शेवटपर्यंत तशीच राहते. कोणी विचारत नाही ती का गेली.

उर्पोला हे सांगितले तर तो दाढी खाजवत म्हणाला, "पाच पट्ट्यांवर पेटी सरळ उतरत नाही, आउने. डोक्याकडून कलेल."

"कलली तर?"

"लोक बघतील की."

"बघू देत. मी सरळ उतरले तर त्यांना काय कळणार?"

तो नाक शिंकरायला बाहेर गेला.

म्हणून असे ठरवते. डोक्याकडचा डावा पट्टा सैलाचा आहे. तो पेटीवरून मोकळा सोडावा. दफनभूमीच्या माणसाने मदत म्हणून तो उचलू नये, एर्की यांनीही नाही. पेटी कलली तर कलू द्यावी, दुरुस्त करू नये. आणि सैलाने तो उचललाच, तर कोणी तिला 'आलीस का' असे म्हणू नये. कठड्यापाशी घेतात तसे शेजाऱ्यांनी आपले हात बाजूला घ्यावेत, एवढेच.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले.

सही: आउने पिर्तिकोस्की
हापायार्वी, ता. ४ सप्टेंबर २०१८

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना आउनेबाईंनी समजून-उमजून सही केली. या कागदातून आम्हाला काही मिळायचे नाही.

साक्षीदार:
लेम्पी सावोलाइनेन, ग्रंथपाल, शेजारीण
वाइनो हौताला, निवृत्त पोस्टमन