आयोडीनचा डोस आणि वेगळं ताट

१७ एप्रिल
गोळ्या बंद करून चार महिनेही झाले नाहीत, थायरॉइड परत वर. दीड वर्ष रोज गिळल्या. बसल्या जागी नाडी एकशे अठरा, हात थरथरतात, कूलरसमोर बसूनही घाम. १४ एप्रिलच्या जयंतीला आत्या आली होती. म्हणे, "कित्ती बारीक झाली वं! मले पण सांग काय करते तर." हा आजारच देऊन टाकावा वाटला तिला.

१९ एप्रिल
डॉ.कडे. पुन्हा गोळ्या, नाहीतर ऑपरेशन, नाहीतर रेडिओ-आयोडीनचा एक डोस. शेवटच्या दोन्हींनंतर बहुतेक जन्मभर दुसरी गोळी. ठोके अनियमित आहेत, फार थांबू नका. हे सगळं दादाकडे बघून! पंचवीस वर्षांची मी समोर बसलेली, आणि मान दादा हलवतोय.
गळा कापून घेणार नाही. गोळ्यांवर भरवसा उरला नाही. आयोडीन. माझं ठरलं.

२२ एप्रिल
आयोडीन देणाऱ्या सेंटरने नियमांचा कागद दिला. डोसनंतर काही दिवस अंगातून किरणं निघतात, म्हणून वेगळी खोली, वेगळी भांडी, गरोदर बाईपासून लांब. वहिनीला सातवा. बेसाच्या या फ्लॅटच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण, लांब म्हणजे कुठे? गॅलरीत?
वहिनीने लगेच एका ताटाला आणि ग्लासला नेलपॉलिशचा ठिपका लावला. डोसची तारीखही ठरलेली नाही. म्हणे, "आतापासून सवय झालेली बरी." तिच्या पोटातल्या बाळाची काळजी मलाही आहे. पण तो ठिपका बघून डोकं फिरलं.

२३ एप्रिल
आजोबांनी ताट बघितलं.
"हे काहून वेगळं ठेवलं?"
वहिनीने सांगितलं. त्यांनी ताट उचलून सरळ खाली भंगारवाल्याला दिलं. "या घरात कोणाचं ताट वेगळं नाही राहत."
गावाकडे, कुहीच्या शाळेत त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतायचे. लहानपणापासून ऐकते आहे. दरवेळी रडू यायचं, आज संताप आला.

२५ एप्रिल
भांडलेच. म्हटलं, तुमचा तो अपमान होता, हे औषध आहे. फरक कळत नाही का?
"मले कळते. ताट वेगळं झालं की बघणारा कारण नाही विचारत."
"बघणारं आहे कोण? घरचेच तर आहेत!"
"घरच्यांनीच तर सुरुवात केली ना."
वहिनी आत रडत होती, आई म्हणे गोळ्याच घे, वाद मिटेल. वाद मिटेल म्हणून मी वर्षभर थरथरत राहू? सगळ्यांचा राग येतो. आजोबांचा सगळ्यात जास्त, कारण त्यांच्यावर रागावता येत नाही.

२८ एप्रिल
दादाने तोडगा काढला: कुहीचं बंद घर. तिथे एकटी राहा. सोप्पं! ठोके बिघडले तर कोणाला हाक मारू, शेजारच्या धानाच्या बांधीला? त्याला म्हटलं, तूच जा बायकोला घेऊन. तीन दिवस बोलणं बंद राहणार आता.

३० एप्रिल
दुपारी आजोबा जेवायला बसले, मला समोर बसवलं. नातसुनेला माहेरी पाठवतो म्हणाले, बाळंतपणाला जायचीच होती, थोडं आधी जाईल. मी विचारलं, आणि ताट?
भात कालवत म्हणाले,
"तुले लागत असन तर तू आपल्या हातानं काढ. आमच्यापैकी कोणी काढून नाही देणार."
माझ्या मनासारखं झालं, तरी संतापाने जेवले नाही. आजारी माणसाने आपलं ताट आपणच बाजूला काढायचं, आणि हे बसून बघणार!
संध्याकाळी स्वयंपाकघरात गेले. रॅकमध्ये उरलेली पाच ताटं, सगळी सारखी. हात लावला, एकही बाजूला काढवेना. सेंटरला डोसची तारीख उद्या कळवायची आहे.