श्रीखंडाच्या डब्यांवरची झाकणं

सर्वेश,

रोपं मेली. तूच मारलीस.

काल मी ऑफिसात असताना तू ग्रिलमधल्या श्रीखंडाच्या डब्यांना झाकणं लावलीस, वर सेलोटेप. का, तर यूट्यूबवरचा कुणीतरी थंडीत बिया अशाच झाकून ठेवतो. अरे, त्याच्या अंगणात गुडघाभर बर्फ होता! हे मुलुंड आहे. इथे डिसेंबरातही दुपारी ग्रिलला हात लावला तर चटका बसतो. वांग्याची रोपं आतल्या आत वाफवून निघाली.

माझ्या बाबांनी गुडघ्यांमुळे यंदा वेंगुर्ल्याला काहीच पेरलं नाही. होतं नव्हतं ते बी माझ्याकडे दिलं. तुला हे माहीत होतं. तरी मला विचारलं नाहीस. आईंना ‘प्राची नोकरी सोडेल’ असं सांगून टाकलंस, तेव्हाही नाही.

बांगड्याचं सार फ्रिजमध्ये आहे, भात तेवढा लाव. मी आज ताईकडे राहतेय. संध्याकाळी तुझ्या फोनवर बाबांचा व्हिडिओ कॉल येईल. रोपं दाखव म्हणतील. तूच उचल.

आता खिडकीपाशी जा. उरलेलं पत्र तिथे काचेवर चिकटवलंय.

*

आलास?

चिमट्यांच्या टोपलीमागे बघ. त्या एका डब्याला झाकण लावायला तू विसरलास. त्यात तीन रोपं ताठ उभी आहेत. बाबांना ती दाखव. बाकीच्यांचं काय झालं, तेही तूच सांग.

आणि मग तो डबा पुन्हा विसरून जा.

प्राची