बसफुगडीपुरता गुडघा

३ जून २००२, सोमवार
फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली, "व्यायाम केला की लगेच लिहून ठेवा. नाहीतर तुम्ही मला खोटं सांगाल." मला! म्हणून लिहिते आहे.

परवा ओट्याखालचा डबा काढायला उकिडवी बसले, ती उठताच येईना. शेवटी सायलीने, म्हणजे सुनेने, काखेत हात घालून उभे केले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची झीज. उकिडवे बसणे बंद.

बंद कसे? तेरा ऑगस्टला सायलीची पहिली मंगळागौर. गेली पंधरा वर्षे मी मंगळागौरीच्या खेळांचा गट घेऊन नाशिकभर दुसऱ्यांच्या सुनांकडून बसफुगडी घालून घेते — उकिडवे बसून, हात धरून, पाय उडवत. आणि स्वतःच्या घरी खुर्चीत बसून टाळ्या वाजवू? ठरले. बसफुगडी मीच घालणार. सुनेबरोबर.

५ जून
गटातल्या बायकांना सांगितले, दातांचे काम काढले आहे, काही दिवस तालीम बसूनच घेईन. खरे सांगणे शक्य नाही. नियम माझाच — गटात दुखतंय म्हणायचे नाही. म्हणायचे असेल तर भजनी मंडळात जायचे.

६ जून
थेरपीवाल्या मुलीचे नाव तृप्ती. मला "आजी" म्हणाली. म्हटले, "आजी नाही, बाई म्हणायचं." व्यायाम काय, तर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, दाबायची, सोडायची. याला व्यायाम म्हणतात!

शेजारच्या खाटेवर घोटीचे धोंडीराम, तांदळाचे व्यापारी. खांदा धरला आहे. तृप्तीने विचारले, घरी करता ना? "रोज करतो मॅडम!" ती वळल्यावर मला हळूच — "नाय करत. बसमधी दांडी धरून हुबा ऱ्हातो, त्योच व्यायाम." चांगले खडसावले. तर म्हणाले, "बाई, तुम्ही लय कडक. तुमच्या घरी कुनाचं काय दुखत बी नसंल."

१४ जून
व्यायाम केला.
(नाही केला. आमरस होता.)

२२ जून
आज घरात कोणी नाही असे पाहून ओट्याला धरून बसफुगडी घालून बघितली. धुण्याच्या बादलीसकट आडवी. मुलगा महेश कारखान्यातली पाळी संपवून सातपूरहून नेमका तेव्हाच आला.
"आई, काय चाललंय?"
"झुरळ."
बिचारा जेवणाआधी सगळे स्वयंपाकघर उलथेपालथे करून झुरळ शोधत होता. सायलीने न विचारता बर्फ आणून दिला. वर म्हणते, "आई, मला बसफुगडी येत नाही. पडायला येतं. आपली जोडी जमेल." उद्धट आहे. पण हसू आवरले नाही.

२४ जून
गुडघा टम्म. तृप्ती एकच वाक्य बोलली — "परत पहिल्यापासून." मी शिकवते तेव्हा असाच आवाज लावते. समोरून ऐकायला बरा नाही वाटत.

९ जुलै
काय दिवस!
मी गुडघ्याला शेकाचे मशीन लावून पडले होते. मध्ये पडदा. पलीकडे एक बाई तृप्तीला सांगत होती —
"जरा लवकर सोड गं. आमच्या बाईंना कळलं तर गटातून काढतील."
"एवढ्या कडक आहेत?"
"जमादार! दुखतंय म्हणायची सोय नाही. त्यांचे स्वतःचे गुडघे लोखंडी, आमचे मेणाचे."
आवाज गायधनीचा! माझ्या गटातली पुढच्या रांगेतली. मंगळवारी सत्संग असतो म्हणून उशिरा येते ती. तृप्तीला खोकल्याची उबळ आली. हसत होती कार्टी.
मी श्वास रोखून पडले. एवढ्यात मशीनचा चटका बसायला लागला. सहन केला. आणखी सहन केला. शेवटी ओरडलेच — "तृप्ती, भाजतंय!"
मग पडदा सरकला. दोघींची पातळे गुडघ्यापर्यंत वर, दोघींना तारा लावलेल्या.
गायधनी म्हणाली, "दातांचं काम इथं करतात होय?"
मी म्हटले, "सत्संग छान चाललाय."
धोंडीराम एका हाताने खाट बडवत हसत होते. तो खांदा चांगला हालत होता.

१० जुलै
दोघींचे ठरले. तिने मला पाहिले नाही, मी तिला पाहिले नाही.

१६ जुलै
क्लिनिकचा जिना चढत होते. वरून कठड्याला धरून, एकेक पाय जुळवत क्षेमकल्याणी उतरत होती. तीही गटातलीच.
"नातवाला शिकवणीला सोडायला आले होते."
वर शिकवणी नाही. वर फक्त तृप्ती आहे.
मी विचारले, "आणखी कोण कोण?"
ती म्हणाली, "सगळ्यांची नावं नाही सांगणार, बाई."
सगळ्यांची!

६ ऑगस्ट
आज उकिडवी बसले आणि कशालाही न धरता उठले! तृप्तीने टाळी वाजवली. बसफुगडीला परवानगी मिळाली — एकदा, अगदी थोडी, घरच्या घरी. धोंडीराम म्हणाले, "बाई, आता जिंकलं तुमी." सायलीला पेढे आणायला लावले. दुखत नाही. खरेच नाही.

१४ ऑगस्ट
काल मंगळागौर झाली. झिम्मा झाला, पिंगा झाला. मग बसफुगडी. मी पदर खोचून मधे गेले आणि सायलीचे हात धरले. त्याबरोबर मागे गट उठला. मी बसणार म्हणजे त्यांनी बसायचे, अशी पंधरा वर्षांची शिस्त. गायधनीने ओठ आवळले. क्षेमकल्याणी भिंतीला धरून खाली वाकू लागली. दुखतंय असे कोणी म्हणेना.
मी बसलेच नाही. म्हटले, "बसफुगडी नाही. खुर्च्या मांडा."
गौरीसमोर एवढे मनापासून कोणी हात जोडलेले मी पाहिले नव्हते.
सायलीने कानाशी विचारले, "आई, गुडघा?"
"उत्तम आहे."
होताच. आधी वाईट वाटले. नंतर खुर्चीत बसून हातांनीच लाट्यांचा खेळ केला. गटात इतक्या मोठ्याने हसतात, हे मला ठाऊक नव्हते.

२० ऑगस्ट
तालीम. सायलीला पुढे उभे केले. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कुणाकुणाचं दुखतं?" एकेक हात वर झाला. शेवटी माझाही.
सायलीच्या ताब्यात दिले — सुपे दोन, लाटणी चार, घागर एक, बायका अकरा. मला धरून.