पाण्यावरची तबकडी

कॉपर हार्बर, मिशिगन
१४ मे १९९१

प्रिय रेइनो,

मी बरा आहे, तूही बरा असशील. लेकीच्या घरी वाफ घ्यायला सॉना नाही म्हणे. मग गुडघ्यांचं काय करतोस? पत्र पोचेल की नाही याची धाकधूक आहे, म्हणून एक तिकीट जास्त लावलंय.

परवा दुपारी सरोवरावर ती पुन्हा दिसली. हसू नकोस. तीच माझी उडती तबकडी. दोन ताटं एकमेकांवर पालथी घातल्यासारखी, पाण्याच्या हातभर वर, चांदीसारखी थरथरत होती. वारा नव्हता. काठाशी बर्फाचे तुकडे किणकिणत होते. मी तासभर बघत बसलो. मग ती हळूहळू खाली उतरली, लांबट झाली, आणि तिचं खनिज वाहणारं जहाज झालं.

चर्चमध्ये कॉफी पिताना शाळेतल्या सालोबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पाणी गारठलेलं आणि वरची हवा उबदार असली की प्रकाश वाकतो हो. क्षितिजापलीकडची होडीसुद्धा उचलून धरल्यासारखी दिसते. कधी ताणलेली, कधी उलटी."

तेवीस वर्षं तू मला चिडवलंस, "काय रे, मंगळावरचे पाहुणे जेवून गेले का?"

घरी येऊन माझ्या बातमीचं जुनं कात्रण काढलं. १९ मे १९६८. तबकडीच्या मधोमध पिवळा दिवा उघडझाप करत होता, असं मी सांगितलंय. दुर्बिणीतून पाहिलं होतं. मग धावत जाऊन फोन केला तो वर्तमानपत्राला.

त्याच दुपारी होडीचं इंजिन बंद पडल्यावर तू पिवळा रेनकोट वल्ह्याला बांधून हलवत होतास. गारठून मेलेली पायाची बोटं कापल्यावर दवाखान्यात तूच सांगितलंस. तेव्हा माझ्या काही ध्यानात आलं नाही.

हे खोटं लिहिलं. तेव्हाच तो पिवळा दिवा आठवला होता. पण मी कुणाला काही विचारलं नाही.

आणि लेम्पी. त्या संध्याकाळी आली होती. "दादा, हे अजून परतले नाहीत. यांची होडी दिसली का रे?"

"होडी नाही गं, पण काय दिसलं ते तरी ऐक."

बिचारी ऐकत बसली. तिची कॉफी गार झाली. तू सापडलास त्यानंतर दोन दिवसांनी. पुढे ती वारली, तिला हे सांगायचं राहिलंच.

जूनपर्यंत पाणी थंड असतं, तोवर ती पुन्हा दिसेल. दुपारी मी धक्क्यावरच्या बाकावर असतो. ये, आणि काय बोलायचं ते तोंडावर बोल. नाही आलास तरी मी रागावणार नाही.

किनाऱ्यावर नुसता उभा राहिलेला,
तुझा मेव्हणा
एइनो