तीन बोटं जाडीचं संशोधन

आदरणीय विहीणबाईंना, गुडघ्याला धक्का लागणार नाही अशा बेतानं वाकून नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. आपला गुडघा जिना चढताना कुरकुरतो पण उतरताना गप्प असतो हे वाचून बरं वाटलं. माझं नेमकं उलटं आहे, तेव्हा दोघींनी मिळून एक जिना तरी बिनतक्रार होईल. इकडे माझी लेक खुशाल आहे (एरवी ती आपली सून, पण भाजीत मीठ विसरली की माझी लेक होते, हे मला ठाऊक आहे). जावईबापूही खुशाल आहेत, फक्त जेवत नाहीत. रविवारी माझ्याकडे येतात, ताटाकडे बघत बसतात आणि माझ्याकडे अजिबात बघत नाहीत. का ते पुढे येईलच.

आपण लिहिलंत की मुलाचं नाव कॉलेजच्या अहवालात छापून आलं, गल्लीभर सांगून झालं, आता लोक विचारतात की संशोधन कशावर, तर दोन ओळींत कळवावं. विहीणबाई, दोन ओळींत कळवलं असतं, पण अर्धं सांगितलं की उरलेलं लोक आपल्या पदरचं घालतात. म्हणून मुळापासून सांगते. चहा ठेवला असेल तर आधी उतरवून या.

आमचं कॉलेज मुळात मुठीएवढं. नऊ शिक्षक, एक प्राचार्य आणि फाटकी पुस्तकं बांधणारी मी. माझी शाळा चौथीतच सुटली, पुढचं सगळं शिक्षण दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांवर झालं. दुरुस्तीच्या पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं गेलेली असतात, त्यामुळे मला प्रत्येक विषयातलं मधलं चांगलं येतं, सुरुवात आणि शेवट विचारू नये. माझी खोली ग्रंथालयामागे. मोठं टेबल, उत्तरेचा उजेड, खळीचं पातेलं, दाभण, दोऱ्याची रिळं. तीस वर्षं तिथं बसलेय, खुर्चीला माझा आकार आलाय (की मला खुर्चीचा, हे आता सांगता यायचं नाही).

तर मागच्या महिन्यात बातमी आली की वरून समिती येणार, आणि कॉलेजात कोणकोणतं विद्वत्तेचं आणि सर्जनाचं काम चालतं ते बघणार. प्राचार्य घाबरले. मग प्रदर्शनाला खोली शोधायला निघाले आणि माझ्या दारात येऊन थांबले. म्हणाले, "मावशी, ही खोली आता कायमच्या प्रदर्शनाला देऊ या. सन्मानच आहे हो तुमच्या खोलीचा." मी विचारलं, खोलीचा सन्मान झाल्यावर मी बसायचं कुठं? ते म्हणाले, "ते बघू. तोवर सगळ्यांची कामं छान बांधून द्या." म्हणजे मला हुसकावणारी पुस्तकं मीच बांधायची. आपल्या पायावर धोंडा पाडायचा, तोही कापडी बांधणीत आणि सोनेरी अक्षरांत.

मग एकेकाचं काम यायला लागलं. विहीणबाई, एवढ्याशा कॉलेजात केवढं काय काय चालतं म्हणून सांगू! इतिहासाच्या सरांनी गावातल्या एका पायरीवर लिहिलंय. मजकूर अकरा पानं, त्याखालच्या टिपा चाळीस (त्यांना पोरं तळटीप सर म्हणतात, आणि ते रागावले तरी खाली बघूनच रागावतात). गणिताच्या बाईंनी चार पानांत काहीतरी सिद्ध केलं होतं, पाचव्या पानावर चौथं चुकल्याचं कबूल केलं होतं. मला त्यांचंच सगळ्यात आवडलं. रसायनाचे सर नाटकं लिहितात, त्यात तिसऱ्या अंकापर्यंत कोणी शिल्लक राहत नाही म्हणून चौथा अंक नाही. भाषेच्या सरांच्या कविता, पानाला तीन ओळी, बाकी मोकळी हवा. भूगोलवाल्यांनी मातीचा डोंगराळ नकाशा केला होता, तो बांधता येईना म्हणून त्याचे फोटो बांधायला दिले. एका फोटोत पठारावर मांजर झोपलंय. प्राचार्यांनी स्वतः इतरांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावना एकत्र केल्या होत्या. त्याला प्रस्तावना कोणी लिहायला तयार नव्हतं. आणि आपल्या चिरंजीवांची आठ पानं, कॉलेजच्या उत्तरेकडच्या भिंतीवरच्या शेवाळावर. आठच, पण मी दोनदा वाचली. मी तीस वर्षं त्या भिंतीला टेकून डबा खाल्ला, आणि शेवाळ वर्षाला केवढंसं सरकतं ते मला या पोरानं सांगितलं.

सगळी बाडं टेबलावर ठेवली तर वीतभरसुद्धा जागा भरेना. प्राचार्यांनी हुकूम काढला की प्रत्येक पुस्तक तीन बोटं जाड दिसलं पाहिजे (बोटं त्यांची, म्हणजे आपली चार धरा). कोरा कागद मागितला तर म्हणाले मंजुरी नाही. आता शेवाळाच्या आठ पानांना तीन बोटं कुठून आणू? पीठ ठेवायचं एकाचं आणि भाकऱ्या मागायच्या दहांच्या!

तेव्हा माझी नजर कपाटातल्या वह्यांवर गेली. माझ्या सव्वीस वह्या. दुरुस्तीला पुस्तक आलं की मी त्याची नोंद करून ठेवते, कुणी सांगितलं नव्हतं, आपली सवय. कुठं फाटलं, आत काय सापडलं, लोक कुठवर वाचतात. ते कडेच्या मळावरून कळतं. बहुतेक पुस्तकांची पहिली दहा पानं मळकी असतात, पुढं नव्यासारखी पांढरी. मी म्हटलं, समितीची माणसं तरी दहाच्या पुढं कशाला जातील? वह्या उसवल्या, कापून मापात आणल्या आणि प्रत्येकाच्या कामामागं दोन-तीन वह्या शिवून टाकल्या. समिती गेली की उसवून परत घेणार होते. दहाही पुस्तकं तीन बोटं झाली. प्राचार्यांनी शेवाळाचं पुस्तक हातात तोलून पाहिलं आणि जावईबापूंना म्हणाले, "बरंच काम केलंत की!" ते बिचारे गोंधळून पुस्तकाकडे बघत राहिले.

समितीत तिघं. दोघं बिस्किटांपाशी थांबले. तिसऱ्या एक वयस्क बाई, हातात काठी. त्या टेबलाशी आल्या, कवितांचं पुस्तक उचललं आणि विहीणबाई, त्यांनी ते शेवटून उघडलं! अशी माणसं असतात हे तीस वर्षांत मला मळानं कधी सांगितलं नव्हतं. त्या वाचायला लागल्या. मी प्रदर्शनासाठी लावलेल्या पडद्याआड खळ ढवळत होते, ती ढवळता ढवळता घट्ट झाली. बाई मोठ्यानं वाचत होत्या: "भूमितीचं पुस्तक. पान एकोणीस दर वर्षी ओलं होऊन फुगतं. पान एकवीस कोरडं. म्हणजे रडून झाल्यावर पोरं पुढं जात नाहीत." मग दुसरं पुस्तक: "प्रेमाची कादंबरी, तीन प्रती. तिन्हींचं शेवटचं पान फाडून नेलेलं. दुसरीकडून मागून आणलेल्या चौथ्या प्रतीतून उतरवून तिन्हींना चिकटवलं. यंदा पुन्हा नेलं. आता मी शेवट पाठच करून ठेवलाय, कुणी विचारलं तर सांगते." बाई माझ्या खुर्चीत बसल्या आणि तासभर उठल्याच नाहीत. बिस्किटं संपली.

मग त्यांनी विचारलं, हे काम कुणाचं? आधी तळटीप सर खाकरले: "हा आमचा सामूहिक प्रकल्प आहे." प्राचार्य म्हणाले, "माझ्या मार्गदर्शनाखाली." बाई म्हणाल्या, पण अक्षर तर एकाच हाताचं दिसतंय. "एकसारखेपणासाठी मावशींकडून उतरवून घेतलं," प्राचार्य म्हणाले. विहीणबाई, माणूस एवढ्या चटकन खोटं बोलू शकतो याचं मला कौतुकच वाटलं. मग बाईंनी एकेकाला विचारलं, आपणही यात होतात? एकेक जण हो म्हणत गेला. शेवटी जावईबापू. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना माझं अक्षर ठाऊक आहे, लग्नाची यादी मीच लिहिली होती. त्यांना नोकरीत कायम करण्याचा कागद प्राचार्यांच्या खणात पडून आहे हे मला ठाऊक होतं. मीच पडद्याच्या फटीतून डोळ्यांनी खूण केली की म्हणा हो. ते म्हणाले हो. पण दात काढताना माणूस म्हणतो तसं म्हणाले.

म्हणून अहवालात दहा नावं आली. आणि बघा कसं असतं, समितीनं लिहिलं की ही खोली, खळीच्या पातेल्यासकट, या प्रकल्पासाठी जशीच्या तशी राखावी. माझी खुर्ची वाचली. माझ्याच कामाची मी आता मदतनीस आहे. बाई पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत, प्रत्येकाकडून त्याचं त्याचं प्रकरण समजून घ्यायला. त्यामुळे सगळे विद्वान रोज माझ्या दारात उभे असतात. काल रसायनाचे सर विचारत होते, "मावशी, पान साठवर आम्हाला नक्की काय म्हणायचंय?"

मला काही वाईट वाटत नाही. नाव घेऊन काय लोणचं घालायचंय? सांभाळून असा, गुडघ्याला तेल लावा.

आपली नम्र,
विहीण

ता. क. गल्लीत कुणी विचारलं तर शेवाळावर केलंय असं सांगा. आठच पानं, पण त्याची स्वतःची.

ता. क. २. परवा जावईबापूंनी त्या काठीवाल्या बाईंना पत्र लिहिलं. खरं काय ते सगळं, आपण घाबरून हो म्हटल्यासकट. पाकीट बंद करण्याआधी मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणाल तर टाकतो, आई." (कॉलेजात मावशी म्हणतात, त्या दिवशी कॉलेजातच आई म्हणाले.) मी म्हणाले माझ्याकडे ठेवा. टाका म्हणावं तर मी माझ्या नावासाठी त्यांची नोकरी धोक्यात घातली असं होतं, नको म्हणावं तर पोरगं जेवत नाही. ते पत्र या पाकिटात घातलंय. तुम्ही त्यांची आई. वाचा आणि ठरवा.

ता. क. ३. वाईट वाटत नाही असं वर लिहिलंय ते खोडायचं राहिलं. मला बांधणी शिकवणारा म्हातारा म्हणायचा, काम आपलं असेल तर मागच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या अस्तराच्या कागदाखाली नाव लिहून ठेवावं. मी दहाही पुस्तकांत लिहिलंय: पुढची पानं ज्यांची त्यांची, मागची माझी, आणि खाली सही. आता या वेळी शाई जरा पातळ झाली होती (कशी कोण जाणे), आणि पातळ शाई खळीतून वर येते. काल प्राचार्यांच्या पुस्तकाच्या मागच्या अस्तरावर माझ्या सहीचं पहिलं अक्षर निळं उमटलंय. बाई येईपर्यंत सगळी सही दिसेल, आणि त्या पुस्तक कुठून उघडतात हे तुम्हाला सांगितलंच आहे. त्यानंतर खरं बोलणारे दहा जण होतील. त्याआधी बोलणारा एकच.

त्यांच्या पाकिटावर तिकीट लावलेलं आहे. टपालपेटी तुमच्या दारासमोरच आहे म्हणे, जिना लागत नाही.