भावाला मूळ जागी बसवण्याबाबत

प्रति,
माननीय ग्राहक तक्रार अधिकारी,
ग्राहक तक्रार कक्ष,
तळमजला, खिडकी क्र. ४

विषय : भावाला मूळ जागी बसवण्याबाबतचा माझा अर्ज चुकून ज्या कक्षाकडे गेला, त्याच कक्षाकडे राहू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २० मार्चचा अर्ज.
२) कौटुंबिक समेट कक्षाची दि. २ एप्रिलची नोटीस.
३) आपले दि. १७ एप्रिलचे दिलगिरीचे पत्र.

महोदय,

आपले संदर्भ क्र. ३ चे पत्र मिळाले. सरकारी कार्यालयाने दिलगिरी व्यक्त केल्याचे माझ्या पाहण्यातले हे पहिलेच पत्र असल्याने ते मी दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवले होते. तथापि पत्र दुसऱ्यांदा वाचल्यावर माझ्या पायाखालची वाळू सरकली. ती का सरकली, हे आपल्या कानावर घालण्यासाठी हा अर्ज करीत आहे. अर्ज थोडा लांबला आहे. मागच्या वेळी चार ओळींत आटोपला, त्याचे काय झाले ते आपण जाणताच.

१. मी व्यवसायाने फोटोवाला आहे. पासपोर्ट, ओळखपत्र, पेन्शनचा दाखला यांसाठी लागणारे फोटो काढतो. आपल्या कक्षातील निम्म्या कर्मचाऱ्यांच्या गळ्यातले चेहरे माझ्याच स्टुलावर बसून गेलेले आहेत. आपलाही फोटो मीच काढला होता. हनुवटी जरा खाली घ्या म्हटल्यावर आपण रागावला होता, हे आपल्याला स्मरत असेल. माझे दुकान दहा फूट रुंद असून त्याच्या मधोमध प्लायवूडचे पार्टिशन आहे. अलीकडे मी बसतो. पलीकडे माझे थोरले बंधू मोबाईल दुरुस्त करतात. गेली सहा वर्षे आमच्यात बोलणे नाही. दोघी जावा मात्र रोज सकाळी एकत्र भाजी आणतात आणि वाटेत आम्हा दोघांना हसतात, असे खात्रीलायकरीत्या समजते. दिव्यांचे मुख्य बटण थोरल्यांच्या बाजूला आहे. संध्याकाळी माझे शटर पडल्याचा आवाज आल्याशिवाय ते बटण बंद करत नाहीत. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

२. मार्चमध्ये एका कंपनीचा नवा स्मार्टफोन बाजारात आला. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण तिची फुकट जाहिरात करावी इतके उपकार तिने माझ्यावर केलेले नाहीत. त्या फोनच्या कॅमेऱ्याची कीर्ती अशी होती, की माझ्यासमोर स्टुलावर बसलेली गिऱ्हाइके माझ्या कॅमेऱ्याकडे बघून ‘तो नवा फोन नाही का हो घेतला?’ असे विचारू लागली. मी विचारात होतो. तेवढ्यात पार्टिशनपलीकडून थोरल्यांचे पुढील उद्गार ऐकू आले : ‘घाई कशाला करता? नवा फोन आणि नवा जावई, दोघंही पहिले पंधरा दिवस भाव खातात. थांबा जरा, उतरेल आपोआप.’ हे ते आपल्या गिऱ्हाइकाला सांगत होते. परंतु दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला सांगायला एवढा आवाज लागत नाही. प्लायवूडला लागतो. त्याच क्षणी मी पहिल्याच दिवशी फोन घ्यायचे नक्की केले.

३. विक्री सकाळी दहाला सुरू होणार होती. ऑनलाइन प्रयत्न केला. समोरचे शिंपीकाका आणि मी मिळून माझे आडनाव टाइप करेपर्यंत ‘साठा संपला’ अशी पाटी आली. मग दुकानापुढच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढे दातांचे डॉक्टर होते. ते एका पेशंटला ‘आ’ करून ठेवून आले होते आणि दर दहा मिनिटांनी दवाखान्यात फोन करून ‘अजून मिटू नका’ असे सांगत होते. मागे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांना फोनची गरज नव्हती, पण रांग वाकडी झाली होती ती सरळ करायला आल्या आणि उभ्याच राहिल्या. तीन तासांनी माझा नंबर लागला. दुकानातल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, माझा फोटो काढला, आणि त्यात माझे डोळे मिटलेले आले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असे माझी पत्नी म्हणाली. मी लक्ष दिले नाही. पुढचे पंधरा दिवस मी पार्टिशनच्या अगदी जवळ उभा राहून गिऱ्हाइकांना कॅमेऱ्याचे गुण मोठ्याने सांगितले. थोडक्यात, फोनने भाव खाल्ला त्याहून जास्त मी खाल्ला, हे कबूल करतो.

४. दि. १८ मार्च रोजी कंपनीने भाव एक चतुर्थांशाने उतरवला. वर एक कव्हरही फुकट दिले. त्या दिवशी आमच्या रस्त्यावर जे झाले ते सांगण्यासारखे आहे. दातांच्या डॉक्टरांनी ‘पहिल्या दिवशीचे’ नावाचा ग्रुप काढला, त्यात कोणीच काही लिहीत नाही, फक्त उसासे टाकणारी तोंडे पाठवतात. मुख्याध्यापिका कंपनीला शुद्धलेखनाच्या चुका काढून पत्र पाठवणार आहेत. ज्यांनी घेतला नव्हता ते एकदम दूरदर्शी ठरले. इस्त्रीवाल्याला तर फोन घ्यायचाच नव्हता, पण तोही आपण किती पैसे वाचवले ते दारोदार सांगत फिरला. हे सगळे मी सहन केले असते. परंतु त्याच दुपारी पार्टिशनपलीकडून शीळ ऐकू आली. थोरले बंधू काही बोलले नाहीत. नुसती शीळ, लांबलचक आणि खुशीची. त्या माणसाने सहा वर्षांत शीळ वाजवली नव्हती. आपले म्हणणे पंधरा दिवसांत, तारखेसह, खरे ठरल्याचा आनंद ते करत आहेत, हे मला समजले. महोदय, शिळेविरुद्ध तक्रार करण्याचा छापील नमुना आपल्याकडे नाही. म्हणून मी भावाविरुद्ध केली.

५. मला फरकाची रक्कम नको होती. कंपनीने भाव पुन्हा पहिल्या दिवशीइतका करावा, सर्वांसाठी करावा, म्हणजे शीळ बंद होईल, एवढीच मागणी होती. पडलो तरी नाक वर, हा आमच्या घराण्याचा गुण आहे. आपल्या नमुन्यात तक्रारीसाठी चारच ओळी असतात. त्यांत मी जे लिहिले ते शब्दशः असे : ‘पंधरा दिवसांत भावात फार फरक पडला. ज्या भावाच्या जिवावर मी चारचौघांत मिरवलो, त्याच भावाने मला तोंडघशी पाडले. भावाला आता काही धरबंध उरलेला नाही. तरी भावाला पुन्हा मूळ जागी आणून बसवावे, ही विनंती.’ फोनचा सर्व तपशील सोबतच्या बिलात होता. बिल टाचणीने लावले होते. टाचणी सैल निघाली आणि बिल आवक टेबलाच्या खणामागे पडले, ते दि. १६ एप्रिलला सापडले, असे आपण कळवले आहे. दरम्यान आपल्या लिपिकाने या चार ओळी वाचल्या आणि अर्ज वरच्या मजल्यावर कौटुंबिक समेट कक्षाकडे पाठवला. लिपिकाला मी दोष देत नाही. मी ‘भाव’ऐवजी ‘दर’ लिहिले असते तर हा घोळ झाला नसता.

६. दि. ४ एप्रिलला पोस्टमनने दोन पाकिटे दिली, एक अलीकडे, एक पलीकडे. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी कागद फाटल्याचा आवाज झाला. चूक मी तेव्हाच कळवायला हवी होती. कळवली नाही. नोटिशीत लिहिले होते की थोरल्या बंधूंनीही हजर राहणे आवश्यक आहे, आणि ते येतात का, हे मला पाहायचे होते. दि. ८ एप्रिल, बुधवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या खोलीत खुर्च्या तीन, त्यांतली एक डुगडुगते. ती त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. समुपदेशक बाईंनी अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दुरुस्तीचे भिंग काढून वाचला. मग माझ्याकडे न बघता विचारले, ‘मूळ जागी बसवावे, हे तू लिहिलंस?’ मी हो म्हणालो. लिहिले मीच होते, त्यामुळे हे खोटे बोलणे होत नाही, असे मी तेव्हा मनाला समजावले. ते दोन पेले पाणी प्यायले.

७. दि. १५ एप्रिलच्या दुसऱ्या बैठकीत बाईंनी भांडणाचे कारण विचारले. कारण असे, की सहा वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाचे फोटो मी काढले आणि कॅमेऱ्यातले मेमरी कार्ड खराब होऊन सगळेच्या सगळे गेले. थोरले चारचौघांत म्हणाले, ‘हलणारी माणसं याला जमत नाहीत, स्टुलावर बसवलेलीच लागतात.’ दुसऱ्या दिवशी प्लायवूड मी आणले, स्क्रू त्यांनी मारले. त्या वर्षी मिळून केलेले आमचे तेवढे एकच काम. हे सांगून झाल्यावर थोरल्यांनी शर्टाच्या खिशातून बारीकशी डबी काढली. तिच्यात तेच कार्ड होते. दुरुस्तीचे कोणतेही नवे यंत्र बाजारात आले, की ते आणून त्या कार्डावर चालवून पाहायचे, असे ते सहा वर्षे करीत होते. या मार्चमध्ये ते उघडले. सहाशेपैकी चार फोटो निघाले. तीन फोटोंत माझा अंगठा आहे. चौथा पुतणीने काढलेला असून त्यात मी तिला कॅमेरा कसा धरावा ते सांगत आहे आणि थोरल्यांचा हात माझ्या खांद्यावर आहे. दोघांचीही डोकी वरून कापली गेली आहेत. फोटो तांत्रिकदृष्ट्या सदोष आहे. बाईंनी विचारले, कार्ड नेमके कधी उघडले? ते म्हणाले, ‘अठरा मार्चला दुपारी. पार्टिशन ठोकून सांगावं की काय, याच विचारात पंधरा दिवस गेले. मग याचीच नोटीस आली.’

महोदय, शीळ त्यासाठी होती. माझ्या फोनचा भाव उतरला, हे त्यांना त्या दिवशी ठाऊकसुद्धा नव्हते.

८. आता आपले पत्र. आपण चूक दुरुस्त करून अर्ज परत मागवला आहे, दि. २२ एप्रिल, बुधवारची तिसरी बैठक रद्द केली आहे, आणि ‘अर्जदाराची तक्रार भावासंबंधी नसून मोबाईलच्या दरासंबंधी होती’ असे कळवणारी प्रत थोरल्या बंधूंना पाठवायची आहे. ती प्रत जावक टेबलावर असून जावक लिपिक उद्यापर्यंत रजेवर आहेत, असे शिपायाने सांगितले. त्यांच्या रजेबद्दल मी कोणाचा आभारी असावे हे कळत नाही. ती प्रत निघाली तर थोरल्यांना एका टंकलिखित ओळीत समजेल, की त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून ते एका फोनच्या भानगडीत आले होते. कार्डाची डबी काढली तीही त्याच भानगडीत. मग ते पुन्हा पलीकडे जाऊन बसतील, आणि या वेळी पार्टिशनला आणखी चार स्क्रू मारायला मला बोलावणारही नाहीत. मला याची भीती वाटते. माझे वय छप्पन्न आहे, त्यांचे त्रेसष्ट. पुढच्या चुकीची वाट पाहण्याइतका वेळ आमच्याकडे नाही.

तरी विनंती की,

(अ) सदर प्रत जावक टेबलावरून उचलून आपल्या खणात ठेवावी. शक्य झाल्यास खणामागे पाडावी, तिथे कागद सुरक्षित राहतात असा अनुभव आहे.

(ब) बुधवारची बैठक व्हावी. खरी गोष्ट थोरल्यांना कळू नये असे माझे म्हणणे नाही. ती मी स्वतः सांगणार आहे. फोनच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता, हेही सांगणार आहे. एवढे बोलायला मला एक खोली, एक बाई आणि सरकारी शिक्का लागतो, ही माझी अडचण आहे. दुकानात सांगता येईल, पण तिथे गिऱ्हाईक ऐकते.

(क) फोनचा भाव होता तिथे नेण्याची माझी मागणी मी मागे घेत आहे. तो आणखी उतरला तरी चालेल. शिंपीकाकांना घ्यायचा आहे.

(ड) मूळ अर्ज मात्र मागे घेत नाही. त्यातील ‘भाव’ हा शब्द आपल्या लिपिकाने जसा वाचला, तसाच यापुढे वाचण्यात यावा. पार्टिशन घालण्यापूर्वी डावीकडच्या काउंटरवर, खिडकीच्या उजेडात, दादा बसत असे. आज तिथे माझे स्टूल आहे. ते मी कालच भिंतीकडे सरकवून ठेवले आहे. अर्ज लिहिताना मी चुकलो होतो. अर्ज चुकलेला नव्हता.

आपल्या कार्यालयाच्या नजरचुकीचा ऋणी,

(सही)
फोटोवाला, धाकटा
दि. २० एप्रिल

सोबत :
१) फोनचे बिल. (या वेळी दोन टाचण्या.)
२) आपले दिलगिरीचे पत्र, काचेखालून काढून साभार परत.
३) छायाचित्र, एक. डावीकडे मी, उजवीकडे भाऊ. (भाव नव्हे.) डोकी आलेली नाहीत, तरी ओळख पटावी.