इराचं बहारीन

१७ नोव्हें., सोम. शारजा
मेथी निवडली. पातेलंभर दिसली, शिजून मूठभर. तेवढ्यात नात इरा शाळेतून रडतच आली. तिसरीत गेली पण रडणं बालवाडीतलंच. इथल्या राष्ट्रदिनाचं नाटक आहे, तिला बहारीन केलंय. म्हटलं, अगं, अख्खा देश मिळाला की! तर म्हणे, "आजी, आय हॅव टू लीव्ह! सगळे थांबतात, मी जाते. आय ॲम द बॅड वन." शाळेत जाणारच नाही म्हणते.

जेवताना लेकाने, नितीनने समजावलं. इंग्रज इथून निघाले तेव्हा नऊ संस्थानांचे शेख मिळून एक देश करणार होते. नऊ! तीन वर्षं बोलणी. शेवटी बहारीन आणि कतार उठले, आपापलं वेगळं मांडलं. उरले त्या सातांचा हा देश.
माझा घास हातातच. एवढे शेख, एवढा पैसा, आणि कुणी कुणाचं डोकं फोडलं नाही? आमच्याकडे बांधावरच्या एका जांभळीवरून तीन पिढ्या बोलत नाहीत.

१९ नोव्हें.
इराची वेणी घालताना म्हटलं, बाळा, पोरगी सासरी जाते ती काय वाईट असते? जाण्यात पाप नाही. न सांगता उठू नये. मोठ्यांना वाकून नमस्कार करायचा नि निघायचं.
"ओके," म्हणाली. गेली बाई शाळेत.

२० नोव्हें.
अरे देवा. प्रॅक्टिसमध्ये ही खरंच वाकली. अबुधाबी झालेला हैदराबादचा फैजान "अरे अरे, क्या कर रही है" म्हणत मागे उडाला, खुर्चीसकट पडला. मॅडमचा फोन. पुन्हा असं केलं तर बहारीन दुसऱ्या मुलीला.
सूनबाई : "आई, इथे नाही हो कुणी कुणाच्या पाया पडत."
नितीन मेला हसतोय.
आता इराला तेच काम हवंय! पण नुसतं उठून जाणार नाही म्हणते. माझीच शिकवण, माझ्याच गळ्यात.

२४ नोव्हें.
लिफ्टमध्ये एक पांढऱ्याशुभ्र दाढीचे अरब आजोबा. मी हात जोडले, त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली. किती देखणं ते! घरी येऊन इराला करून दाखवलं. तिने मॅडमना विचारलं. चालेल.

२७ नोव्हें., गुरु.
झालं नाटक. डोळे अजून निवळले नाहीत.
कतार भरभर गेला. मग आमचं बहारीन उठलं. छातीवर हात, मान खाली. फैजान क्षणभर गोंधळला, मग त्यानेही हात ठेवला. मग एकेक करत सगळ्यांनी. कुणी शिकवलं नव्हतं. इरा ताठ मानेने आत गेली. सूनबाईने माझा हात इतका दाबला की बांगडी वाढवली.

मग मला वाटलं सात झाले. तर नाही! सहाच. सातवा, रास अल खैमा, मागून आला म्हणे, खरंही तसंच झालं होतं. त्याची खुर्ची ठेवलेली होती, बसला.
गाणं झालं, टाळ्या झाल्या. बहारीन-कतारच्या दोन खुर्च्या तशाच रिकाम्या. गाडीत विचारलं, त्या का गं उचलल्या नाहीत?
"मॅम फर्गॉट," इरा म्हणाली. मग जरा वेळाने, "ऑर मेबी नॉट, आजी."